वास्तुशांतीला काय न्यावं?

प्रश्न : पुढच्या महिन्यात धाकट्या नणंदेच्या घराची वास्तुशांत आहे. घर श्रीरामपुरातच, संगमनेर रोडला. माझ्या स्वतःच्या लग्नापासूनचे लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, काचेचे गणपती अजून माळ्यावर खोक्यांत बांधून ठेवलेले आहेत. तसलंच आणखी एक खोकं तिच्या माळ्यावर जाऊ नये असं मनापासून वाटतं. हल्ली ‘इको-फ्रेंडली गिफ्ट’ म्हणून बांबूचे कप, हवा शुद्ध करणारी रोपं, कापडी पिशव्या असं बरंच काही मिळतं. यातलं खरोखर पर्यावरणाच्या भल्याचं काय आणि घरात रोज उपयोगी पडेल असं काय? माझं बजेट दीड हजार आहे. आम्ही दोघी जावा मिळून दिलं तर तीन हजारांपर्यंत जाता येईल.
– एक वाचक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, तुमच्या माळ्यावरच्या खोक्यांपासूनच सुरुवात करू. भेट घेताना ती कशाची बनली आहे हे आपण पाहतो, पण ती किती वेळा हातात घेतली जाईल, हे सहसा पाहत नाही. खोक्यात पडून राहिलेला मातीचा दिवाही पर्यावरणावर भारच असतो. त्याच्यासाठी माती खणली गेली, भट्टी पेटली, तो टेम्पोने बाजारात आला आणि शेवटी कुणाच्याच कामी आला नाही. याउलट वीस-पंचवीस वर्षं रोज वरण-भात शिजवणारा साधा अॅल्युमिनियमचा कुकर आपल्या वाट्याचं ओझं कधीच फेडून बसलेला असतो.

कापडी पिशवीचंच घ्या. 2018 साली डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने दुकानांतल्या पिशव्यांचा कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला. नवी सुती पिशवी प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला, फक्त हवामानावरचा परिणाम धरला तरी, किमान 52 वेळा वापरावी लागते, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे परिणाम धरले तर तब्बल 7,100 वेळा, असं त्यात निघालं. कापूस पिकवायला, सूत कातायला, कापड रंगवायला पाणी, खतं, वीज लागतात. तो सगळा खर्च पिशवीच्या नावावर चढतो. यावरून प्लास्टिकची पिशवी बरी, असं मात्र कुणी समजू नये. गटारात तुंबणारं आणि गाईच्या पोटात जाणारं प्लास्टिक त्या हिशेबात नव्हतं. डेन्मार्कमध्ये तो प्रश्न आपल्याइतका मोठा नाही. आपण घ्यायचं ते एवढंच की, दर समारंभात छापील नाव टाकून वाटलेली पिशवी घरात दहावी-पंधरावी असेल, तर तिने कुणाचंच भलं होत नाही. तीच पिशवी जुन्या सुती साडीची किंवा शिंप्याकडच्या उरलेल्या तुकड्यांची शिवली, तर हिशेब पार बदलतो, कारण कापूस आधीच पिकलेला आहे.

म्हणून भेट निवडताना मनाशी दोन गोष्टी तपासा. ही वस्तू आठवड्यातून चार वेळा तरी वापरात येईल का? आणि बिघडली, झिजली तर ती श्रीरामपुरातच दुरुस्त होईल का, नाहीतर मोडीत तरी जाईल का? या दोन कसोट्या लावल्या की बाजारातला बहुतेक ‘इको-फ्रेंडली’ माल बाजूला पडतो आणि आपल्याच स्वयंपाकघरातल्या जुन्या वस्तू पुढे येतात.

माझी पहिली पसंती बिडाच्या तव्याला. नॉन-स्टिक तव्याचा लेप घरगुती वापरात दोन-तीन वर्षांत ओरखडे पडून निघायला लागतो आणि तो तवा दुरुस्त करणारा कुणी नसतो. तो लेप साधारण 260 अंश सेल्सियसच्या वर तापला की त्याचं विघटन सुरू होतं. रिकामा तवा मोठ्या गॅसवर विसरला, तर तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. बिडाचा तवा जपला तर नातसुना वापरतील. लोखंडी भांड्यात शिजलेल्या अन्नात थोडं लोह उतरतं, हा आणखी एक फायदा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. तव्याने तो बरा होत नाही, त्यासाठी डॉक्टरांचंच औषध हवं. पण रोजच्या भाकरीतून चार कण लोह जात असेल, तर ते कुणाला नको आहे?

फक्त तवा नुसता खोक्यातून काढून देऊ नका. नव्या तव्याला भाकरी चिकटते, घरातली वैतागते आणि तवा माळ्यावर जातो. तो तयार करून द्या; तुमच्या दीड हजारांत न मावणारी भेट तीच आहे. आणल्यावर कोमट पाण्याने आणि साबणाने एकदाच खसखसून घासा, म्हणजे कारखान्यातलं वंगण निघेल. लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. मग जवसाचं किंवा करडईचं तेल फडक्यावर घेऊन पुढे, मागे, मुठीला अगदी पातळ चोळा. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो, म्हणून चोळल्यावर दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते जणू पुसूनच काढा. मंद आचेवर धूर निघेपर्यंत तापवा, तसाच गार होऊ द्या. असं चार-पाच दिवस रोज एकदा करा. जवस, करडई ही तेलं उष्णतेने घट्ट होऊन कडक, गुळगुळीत पापुद्रा धरतात, म्हणून ती या कामाला चांगली. शेवटच्या दिवशी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा आणि दोन-चार धिरडी काढून पाहा. पहिलं थोडं चिकटेल, तिसरं अलगद सुटेल. सोबत एका चिठ्ठीवर लिहा : साबणात भिजत ठेवू नये, धुतल्यावर लगेच कोरडा करावा, चिंच-टोमॅटोचं आंबट यात करू नये. चांगला जड तवा हजाराच्या आतबाहेर मिळतो.

दोघी जावा मिळून देणार असाल, तर कल्हई केलेलं पितळेचं पातेलंही शोभून दिसेल. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालायची जी पद्धत होती, ती मला फार मोलाची वाटते. भांडीवाला छोट्या यंत्राने टिंबाटिंबांनी देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरून देतो. ज्या भांड्यावर मामाचं नाव आहे, ते भांडं कुणी सहजासहजी टाकून देत नाही. पन्नास वर्षांनी ते फुटलं-चेपलं तरी मोडीत वजनावर जातं, त्याचा धातू वितळून नवं भांडं होतं. मोड देऊन नवं घेण्याचा हा व्यवहार आपल्या भांड्यांच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जग आज ज्याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतं, तिचं याहून सोपं रूप मला माहीत नाही.

पितळ मात्र कल्हईशिवाय देऊ नका. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. कल्हई करणारा कारागीर सापडला तर शेजारी उभं राहून काम बघा, मुलांनाही दाखवा. भात्याने कोळसा फुलवून तो भांडं तापवतो, त्यावर नवसागराची चिमूट टाकतो. भसकन पांढरा धूर उठतो, त्यात धातूवरचा मळ निघून जातो. लगेच कथलाची कांडी तापल्या पृष्ठभागाला टेकवतो. कथील 232 अंशांनाच वितळत असल्याने ते पाण्यासारखं पसरतं आणि कापसाच्या बोळ्याने तो ते आतून सगळीकडे फिरवतो. मिनिटाभरात काळपट पातेलं आतून चांदीसारखं होतं. रोजच्या वापरात ही कल्हई वर्षभर टिकते, मग पुन्हा करावी लागते. हा कारागीर हातगाडी घेऊन गल्लीत येत असे, आता शोधावा लागतो. म्हणून आधी कल्हईची सोय पाहा, नंतर पितळ घ्या. सोय नसेल तर वजनदार स्टीलचं पातेलं घ्या, आयएसआय चिन्ह पाहून घ्या, आणि त्यावरही नाव घालाच.

आता एक वेगळी भेट सुचवते, कारण ती श्रीरामपुरातच सर्वांत सोयीची आहे : ओल्या कचऱ्याचे दोन माठ. चार माणसांच्या घरात भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा मिळून रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. तो घंटागाडीत न जाता घरीच मुरला, तर कचरा डेपोचा भार हलका होतो आणि बागेला खत मिळतं. घरोघरच्या कंपोस्टची बहुतेक खटपट एकाच ठिकाणी अडते. ओल्या कचऱ्याला बरोबरीने कोरडा पाला-काडी लागते आणि शहरात ती मिळत नाही. पुण्या-मुंबईची माणसं त्यासाठी नारळाच्या काथ्याचा भुगा विकत आणतात. तुमच्या तालुक्यात उसाच्या पाचटाचा काय तोटा? हरेगाव-टिळकनगरच्या जुन्या खाजगी कारखान्यांपासून अशोकनगरच्या सहकारी कारखान्यापर्यंत सगळा मुलूख उसाचा. तोडणी झाली की पाचट रानातच पडतं आणि पुष्कळदा पेटवलंही जातं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक पोतं मागा. तो आनंदाने देईल.

कुंभाराकडून तोंड रुंद असलेले दोन माठ घ्या. शक्य असेल तर भाजण्याआधी, माती ओली असतानाच, त्यांच्या पोटाला बोटभर रुंदीची पंधरा-वीस भोकं पाडून मागा. भाजलेल्या माठाला नंतर ड्रिलने भोकं पाडता येतात, पण तडा जायची भीती असते. तळाशी विटांचे तुकडे आणि नारळाची शेंडी, त्यावर विळ्याने बोटभर लांबीला कापलेल्या पाचटाचा वीतभर थर, आणि वर दोन मुठी मुरलेलं शेणखत. इतकं भरून एक माठ द्यायचा, दुसरा रिकामा. रोजचा कचरा बारीक चिरून टाकायचा आणि तेवढंच पाचट त्यावर पसरायचं. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळायचं. पहिला माठ भरला की झाकून ठेवायचा आणि दुसऱ्याला सुरुवात करायची. दीड-दोन महिन्यांत पहिल्यातलं खत काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पावसाळी मातीचा वास येतो. आंबूस वास सुटला किंवा अळ्या दिसल्या, तर ओल जास्त झाली असं समजून पाचट वाढवावं. मटणाची हाडं, तेलकट रस्सा, दूध-दही त्यात टाकू नये. माठ, पोतं, छोटी काठी असं सगळं मिळून हजाराच्या आत बसतं. अंगण किंवा गॅलरी असलेल्या घराला याहून उपयोगी भेट मी सुचवू शकणार नाही. मात्र कचरा हाताळायची ज्यांना किळस आहे, त्यांच्या गळ्यात हे घालू नका. महिनाभरात माठ रिकामे होऊन पडतील.

नवं घर आहे म्हणजे पंखे लावायचे असतील. दोघींचे तीन हजार एकत्र असतील तर बीएलडीसी पंखा हा हिशेबाने सर्वांत चोख आहेर ठरतो. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण 75 वॅट वीज खातो, बीएलडीसी 30च्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर एका पंख्यामागे 162 युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी सोळाशे रुपये झाले. म्हणजे पंख्याची किंमत दोन वर्षांच्या आतबाहेर वसूल. जानेवारी 2023पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा बचतीचे तारे छापणं सक्तीचं आहे, तेव्हा पाच तारे पाहून घ्या. श्रीरामपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत तो पंखा रोज तुमची आठवण काढेल. पण आधी विचारा, कारण बहुतेकांनी पंखे आधीच घेऊन ठेवलेले असतात.

सौर चुलीबद्दलही लोक विचारतात. उन्हाची कमतरता आपल्याला नाहीच. जवळच्या शिर्डीत साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 2009 साली 73 मोठ्या सौर तबकड्या बसवल्या गेल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजू लागलं. घरगुती पेटीच्या सौर चुलीत वरण-भात दोन-तीन तासांत होतो, शेंगदाणे सुरेख भाजले जातात, रवाही भाजता येतो. तरी ही भेट मी सरसकट सुचवणार नाही. गच्ची स्वतःची हवी आणि दुपारी घरात कुणी तरी हवं. नणंदबाई आणि त्यांचे यजमान दोघंही सकाळी नोकरीला जात असतील, तर चुलीवर धूळच बसेल.

रोपांचं सांगते. हवा शुद्ध करणारं रोप, ही कल्पना 1989 सालच्या नासाच्या एका प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग हवाबंद पेटीत केलेला होता. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. उघड्या खिडकीतून किंवा फटींतून होणाऱ्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1,000 रोपं लागतील, असा त्याचा निष्कर्ष आहे. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी, आणि रोप द्यायचं ते खाण्यासाठी द्यावं. अंगणात हातभर माती असेल तर कागदी लिंबाचं रोप द्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेली ‘साई शरबती’ ही जात आपल्याच मातीसाठी तयार झालेली आहे. तीन-चार वर्षांत लिंबं धरतात आणि मग शेजारीपाजारी वाटावी लागतात. जागा फक्त कुंडीपुरती असेल, तर कढीपत्ता, गवती चहा. किंवा देशी घेवड्याचं, वालाचं बियाणं कागदाच्या पुडीत द्या. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असं देशी बियाणं घरात जपून त्याची बँक उभी केली, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देशी बियाण्याचा गुण हा की, यंदाच्या शेंगांतलं बी पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. संकरित बियाण्याचं तसं होत नाही.

बांबूच्या कपांपासून मात्र सावध राहा. ‘बांबू फायबर’ म्हणून जे रंगीत, चकचकीत कप आणि ताटल्या मिळतात, त्यांत बांबूचा भुगा मेलामाइनच्या राळेत घट्ट केलेला असतो. म्हणजे ते प्लास्टिकच. गरम चहाने त्यातलं मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड उतरू शकतं, म्हणून युरोपीय संघाने 2021पासून असा माल बाजारातून हटवण्याची मोहीम घेतली. बांबूचं काही द्यायचंच असेल, तर बुरुडाने विणलेलं सूप, टोपली किंवा कांदे-लसूण ठेवायची परडी द्या. तो खरा बांबू असतो आणि झिजला की चुलीत किंवा खतात जातो.

पाण्याचीही एक छोटी गोष्ट आहे. श्रीरामपूरला प्रवरेच्या कालव्याचं आवर्तन लांबलं की नळाला पाणी कमी, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्वयंपाकघराच्या आणि बेसिनच्या नळांना बसणाऱ्या जाळीच्या तोट्या शे-दोनशे रुपयांना मिळतात. हवा मिसळून त्या धार तेवढीच जाणवू देतात आणि पाणी निम्म्यावर आणतात. नुसत्या त्या दिल्या तर भेट लहान दिसेल, म्हणून तव्यासोबत जोडून द्या. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचून जाळी बुजते; महिन्याला एकदा रात्रभर लिंबाच्या रसात भिजवली की मोकळी होते.

आणि गोधडी. नणंदेच्या आईच्या, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या, जुन्या सुती साड्या कपाटात असतील, तर त्यांची गोधडी शिवून घ्या. तीन-चार साड्यांचे थर एकावर एक ताणून बसवायचे, आणि शिवणारी बाई कडेकडून धावदोरा घालत आत-आत येते. एका मोठ्या गोधडीला तिचे कित्येक दिवस जातात, त्यामुळे मजुरीत घासाघीस करू नका. भेटीचे पैसे तिच्याच हातात जाऊ द्या. कापूस नवा नाही, वीज नाही, कारखाना नाही. पहिल्या थंडीत ती अंगावर घेतली जाईल आणि पुढे बाळाच्या अंगाखाली जाईल. वास्तुशांतीला महिनाच उरला असेल तर आजच सांगा.

वस्तू काहीही असो, चकाकता गिफ्ट पेपर नको. त्याला प्लास्टिकचा मुलामा असतो, त्यामुळे तो रद्दीतही चालत नाही. मिठाईचं खोकं आणि निमंत्रणपत्रिका यांवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म तर 1 जुलै 2022पासून देशभर बंद आहे. पंचात, नव्या टॉवेलात किंवा खणात बांधा. जपानी माणसं भेट चौकोनी रुमालात बांधून नेतात आणि तिथे त्याचं कौतुक होतं; आपल्याकडे उपरण्यात शिधा बांधून नेणं काही वेगळं नव्हतं. फक्त पॉलिस्टरचा ब्लाउजपीस नको. तो कुणी शिवत नाही, तो फक्त या घरातून त्या घरात फिरतो.

शेवटचं, ताई : नणंदेला विचारा. ‘काय हवंय’ असं विचारलं की माणूस ‘काही नको गं’ म्हणतोच. त्यापेक्षा ‘तवा कोणता वापरतेस, पंखे बसले का, गच्चीवर ऊन किती वेळ असतं’ असं विचारा. उत्तर आपोआप कळेल.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास-साठ बायका येतात. वीस रुपयांच्या आत प्लास्टिकचं काही नसलेलं वाण काय लुटावं?

उत्तर : वीस रुपयांत सर्वांत कामाचं वाण म्हणजे बियाण्याची पुडी. मेथी, पालक, धने असं तिन्ही मिळून रद्दीच्या कागदात बांधा आणि वर पेरायची पद्धत लिहा. संक्रांतीनंतर कुंडीत पेरलेली मेथी महिन्याभरात ताटात येते. रिठ्याची पुडीही चांगली. पैठणी, रेशमी साड्या धुवायला रिठ्यासारखं दुसरं काही नाही, आणि तुमच्या मैत्रिणींच्या कपाटात येवल्याची एखादी तरी असणारच. जुन्या सुती धोतराची, चादरीची कडा शिवलेली स्वयंपाकघरातली फडकी चारचाराच्या जुड्यांनी देता येतील. स्टीलचा मजबूत चमचा किंवा गाळणी चालेल, पण हाताने वाकत नाही ना, ते दुकानातच पाहा. गुळाची छोटी ढेप दिलीत तर ऊसपट्ट्यातलं वाण ऊसपट्ट्यातच राहील. मात्र वाण एकाच प्रकारचं सगळ्यांना दिलंच पाहिजे असं नाही. सूप भरून दोन-तीन जिन्नस पुढे करा आणि जिला जे लागतं ते तिला उचलू द्या.

प्रश्न : आलेल्या भेटी वापरात नसतील तर दुसऱ्यांना देणं बरं दिसतं का?

उत्तर : वस्तू चांगली असेल आणि समोरच्याला खरोखर लागणारी असेल, तर अगदी बरं दिसतं. फक्त न सांगता, नवा कागद गुंडाळून देऊ नका. ‘माझ्याकडे पडून आहे, तुला उपयोगी पडेल का?’ असं सरळ विचारून द्या. लेमन सेट, डिनर सेट यांची गरज वसतिगृहं, अंगणवाड्या, नव्याने बिऱ्हाड थाटणारी मुलं यांना असते. दिवाळीच्या आवराआवरीत माळा उतरवाल, तेव्हा खोकी पुन्हा वर चढवण्याआधी दोन-चार फोन करा.

श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, संगमनेर भागात कल्हई करणारे, भोकाचे माठ घडवून देणारे कुंभार, गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आणि बांबूकाम करणारे बुरूड तुमच्या माहितीत असतील, तर त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, त्यांचा ठावठिकाणा आम्हाला कळवा. पुढच्या अंकात तो छापू, म्हणजे वाचकांना हा आहेर गावातच मिळेल.